पदविकेपासून पदव्युत्तर पदवीपर्यंत : भारतातील मत्स्यविज्ञान शिक्षणाच्या इतिहासात ‘व्यवस्थापन’ या विषयाचे स्थान

प्रस्तावना

मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास महाराष्ट्रात प्रामुख्याने दोन ठिकाणांचा विचार करावा लागतो. पहिले मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आणि दुसरे रत्नागिरीजवळील शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय. या पदवीला आज सर्वसामान्यपणे एम. एफ. एस्सी. म्हणतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात काही सत्रे वर्गातील अध्ययनाची आणि उरलेला काळ प्रबंधाचा, अशी तिची रचना कृषी शिक्षणातील इतर पदव्युत्तर पदव्यांसारखीच आहे. ही रचना इतकी सवयीची झाली आहे की ती मुळात अशी नव्हती, याचे विस्मरण झालेले दिसते.

मत्स्यव्यवसायाचे शिक्षण हे भारतात आधी नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी सुरू झाले, मग पदवीधरांसाठी आणि सर्वांत शेवटी बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या मार्गाने आलेल्यांसाठी. या प्रवासात अभ्यासाचा विषय बदलत गेला. प्रथम मासा, नंतर माशाचे उत्पादन, आणि पुष्कळ उशिरा मासे धरणारा समाज व त्याने धरावयाचे प्रमाण, म्हणजेच ज्याला ‘मत्स्यव्यवस्थापन’ म्हणतात तो भाग. हा शेवटचा भाग वर्गातून किनाऱ्यावर गेला नाही. तो किनाऱ्यावरील संघर्षातून कायद्यात आला आणि कायद्यानंतर पदवीच्या नावात आला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पदवीच्या नावात तो आला खरा, परंतु तेथे तो फार काळ अखंड राहिला नाही.

पदवीपूर्व काळ : डॉक्टर, सनदी अधिकारी आणि प्राणिशास्त्रज्ञ

भारतीय माशांचा पहिला व्यापक शास्त्रीय अभ्यास लष्करी वैद्यकीय सेवेतील शल्यचिकित्सक फ्रान्सिस डे यांनी केला. त्यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १८७३ मध्ये त्यांनी गोड्या पाण्यातील व समुद्रातील मासेमारीविषयी स्वतंत्र अहवाल शासनास सादर केले होते. नद्यांतील मासळीचा ऱ्हास, लहान आसांची जाळी, बंधाऱ्यांमुळे माशांच्या स्थलांतरास होणारा अडथळा हे प्रश्न त्यांनी मांडले. पाण्यात सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारण्यास प्रतिबंध करणारा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम १८९७ मध्ये संमत झाला. म्हणजे मासेमारीवर काही मर्यादा असाव्यात हा विचार भारतात जुना आहे. मात्र तो विचार शिकविणारी यंत्रणा पुढील सहा दशके नव्हती.

मद्रास इलाख्यात १९०७ मध्ये मत्स्यव्यवसाय विभाग उभा राहिला, तो सर फ्रेडरिक निकोल्सन यांच्या प्रयत्नांतून. निकोल्सन हे जीवशास्त्रज्ञ नव्हते. कृषी पतपेढ्यांविषयीचा १८९५-९७ चा त्यांचा अहवाल हा भारतातील सहकारी चळवळीच्या इतिहासातील मूलभूत दस्तऐवज मानला जातो. मच्छीमारांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कर्ज, मध्यस्थ, मासळी टिकविण्याची पद्धत आणि शिक्षण यांवरून ठरलेली होती. मद्रास विभागाने किनाऱ्यावर मच्छीमारांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, सहकारी संस्था स्थापन केल्या. त्यांच्यानंतर जबाबदारी सांभाळणारे जेम्स हॉर्नेल हे सागरी जीवशास्त्रज्ञ होते, पण होड्या, जाळी आणि दर्यावर्दी परंपरा यांचेही ते साक्षेपी अभ्यासक होते. पुढील पदव्यांमध्ये जी विषयांची फाळणी दिसते ती या पहिल्या पिढीत नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मुंबई इलाख्याची वाटचाल वेगळी होती. येथे १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेवरील ट्रॉलरने किनाऱ्याजवळील समुद्राची पाहणी केली. आर्थिकदृष्ट्या हा प्रयोग उत्साहवर्धक ठरला नाही. त्यानंतर एच. टी. सॉर्ली या सनदी अधिकाऱ्याने इलाख्यातील सागरी मासेमारीचा सविस्तर अहवाल तयार केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई राज्याचा स्वतंत्र मत्स्यव्यवसाय विभाग १९४५ मध्ये अस्तित्वात आला आणि १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. मासळी पाहण्यासाठी रांग लावणाऱ्या मुंबईकरास मत्स्यव्यवसाय विभागाची ओळख झाली ती बहुधा या काचेच्या टाक्यांमुळेच.

या सर्व काळात विभागात काम करणारा शास्त्रज्ञ वा अधिकारी हा प्राणिशास्त्राचा पदवीधर असे. विद्यापीठात मत्स्यविज्ञान होते, परंतु ते प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एक विशेष विषय म्हणून. माशाचे वर्गीकरण, शरीररचना, आहार, जननचक्र यांचे शिक्षण त्यातून उत्तम मिळत असे. होडीचे इंजिन, जाळ्याची वीण, बर्फ, बाजारभाव आणि सोसायटीचे हिशेब या गोष्टी मात्र नेमणूक झाल्यानंतर बंदरावर शिकाव्या लागत.

हे शिक्षण कमी प्रतीचे होते असे समजण्याचे कारण नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. नदीतून बीज गोळा करण्यावर शतकानुशतके अवलंबून असलेली मत्स्यशेती या एका प्रयोगाने बदलली. त्या दिवशी भारतात मत्स्यविज्ञानाची एकही स्वतंत्र व्यावसायिक पदवी अस्तित्वात नव्हती. प्राणिशास्त्र विभागातील अध्यापकांनी ‘आमच्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रातून बाहेर का काढले’ असा प्रश्न पुढे वारंवार विचारला. त्या प्रश्नामागे हा इतिहास आहे.

१९६१ : नोकरीतील अधिकाऱ्यांची पदविका

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत, सागरी आणि अंतर्देशीय मत्स्यव्यवसायासाठी दोन केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाल्या. पहिलीचे केंद्र पुढे मंडपम येथे आणि नंतर कोची येथे गेले, तर दुसरी बराकपूर येथे स्थिरावली. १९५७ मध्ये कोची येथे मत्स्यतंत्रज्ञानाची संस्था आली. संशोधनाची चौकट अशी आकारास येत असताना पंचवार्षिक योजनांमुळे राज्यांच्या मत्स्यव्यवसाय विभागांचा विस्तार होत होता आणि प्रशिक्षित मनुष्यबळाची टंचाई जाणवू लागली होती. १९५९ च्या मत्स्यशिक्षण समितीच्या शिफारशींनुसार दोन स्वतंत्र संस्था काढण्याचे ठरले. एक अधिकाऱ्यांसाठी, जी ६ जून १९६१ रोजी मुंबईत सुरू झाली. दुसरी मासेमारी नौकांवरील तांडेल, इंजिनचालक आदी कर्मचाऱ्यांसाठी, जी १९६३ मध्ये कोची येथे सुरू झाली.

ही विभागणी वरवर प्रशासकीय वाटते. वस्तुतः तिने पुढील साठ वर्षांचे सामाजिक चित्र रेखाटले. जो समुद्रावर जाणार त्याचे शिक्षण एका संस्थेत, आणि जो त्याच्या व्यवसायाविषयी निर्णय घेणार त्याचे शिक्षण दुसऱ्या संस्थेत. महाराष्ट्रात सातपाटी, वर्सोवा, रत्नागिरी अशा ठिकाणी मच्छीमार तरुणांसाठी शासनाची प्रशिक्षण केंद्रे चालत. तेथे नौकानयन, इंजिनदुरुस्ती आणि जाळ्यांचे शिक्षण मिळे. त्या केंद्रातून पदविकेच्या वर्गाकडे जाणारी शिडी मात्र कोणी उभारली नाही.

मुंबईच्या संस्थेतील दोन वर्षांची मत्स्यविज्ञान पदविका राज्य शासनांनी पाठविलेल्या सेवांतर्गत उमेदवारांसाठी होती. प्रशिक्षणार्थी वेगवेगळ्या राज्यांतून येत. कोणाच्या जिल्ह्यात समुद्र, कोणाकडे केवळ तलाव, तर कोणाकडे धरणाचे जलाशय. अभ्यासक्रमात मत्स्यजीवशास्त्र, मत्स्यसंवर्धन, जाळी व नौका, मासळीची प्रक्रिया, अर्थशास्त्र, सांख्यिकी आणि विस्तारकार्य हे सर्व एकाच विद्यार्थ्यास शिकावे लागे. बोटीवरील प्रत्यक्ष कार्य आणि देशभरातील केंद्रांना भेटी हा त्याचा अविभाज्य भाग होता. १९६७ मध्ये बराकपूर, आग्रा आणि हैदराबाद येथील प्रशिक्षण केंद्रे या संस्थेशी जोडली गेली आणि तिचे कार्यक्षेत्र समुद्रापुरते राहिले नाही.

या पदविकेचे शैक्षणिक मूल्यमापन करताना तिची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ती प्रशासकाची पदविका होती. तिच्यात संशोधनाला दुय्यम स्थान होते आणि विद्यापीठीय जगात तिला पदवीचा मान नव्हता. परंतु आपल्या जिल्ह्यात परत जाऊन सोसायटीचा वाद सोडवावयाचा आहे, हे ठाऊक असलेला विद्यार्थी वर्गात बसलेला असणे ही तिची जमेची बाजू होती. पुढे आलेल्या पदव्यांना संशोधन मिळाले. हा विद्यार्थी मात्र हळूहळू कमी होत गेला.

मंगळूर ते शिरगाव : कृषी विद्यापीठाचे छत्र

मत्स्यविज्ञानाचे पहिले स्वतंत्र पदवी महाविद्यालय १९६९ मध्ये मंगळूर येथे बंगळूरच्या कृषिविज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत स्थापन झाले. चार वर्षांची बी. एफ. एस्सी. ही पदवी आणि तिच्यावर आधारलेली एम. एफ. एस्सी. हा नमुना तेथून देशभर गेला. १९७७ मध्ये तुतिकोरीन, १९७९ मध्ये कोचीजवळील पनंगाड, १९८१ मध्ये रत्नागिरीजवळील शिरगाव, आणि त्यानंतर पंतनगर, ढोली, राहा, वेरावळ असा विस्तार झाला.

सर्व महाविद्यालये कृषी विद्यापीठांत का गेली, याचे उत्तर घटनात्मक मांडणीत आणि त्या काळाच्या शैक्षणिक धोरणात मिळते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी तेवढी केंद्राकडे आहे. कृषी शिक्षणही राज्यांकडे. कोठारी आयोगाच्या काळात प्रत्येक राज्यात कृषी विद्यापीठ असावे हा विचार दृढ झाला आणि शिक्षण, संशोधन, विस्तार यांची एकत्र गुंफण असलेल्या त्या विद्यापीठांतच माशाला जागा मिळाली. १९७२ मध्ये दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाकडे रत्नागिरीचे १९५८ पासूनचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आले. शिरगावच्या महाविद्यालयाला हा आधार मिळाला.

कृषी विद्यापीठाच्या छत्राचा लाभ मोठा होता : प्रयोगक्षेत्र, शिष्यवृत्ती, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे अर्थसाहाय्य, अखिल भारतीय प्रवेश. पण शेतीच्या चौकटीत बसताना मासेमारीचा एक मूलभूत फरक झाकला गेला. शेतकऱ्याला आपल्या जमिनीची हद्द माहीत असते आणि पेरणी केल्याशिवाय तो कापणी करीत नाही. समुद्रातील मासा कोणी पेरलेला नसतो आणि तो कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो. शेतीत ‘उत्पादन वाढवा’ हा सल्ला निदान सरळ तरी असतो. समुद्रात एका नौकेचे वाढलेले उत्पादन दुसऱ्या नौकेच्या वाट्यातून येण्याचा संभव असतो. तळ्यातील मत्स्यसंवर्धन कृषी चौकटीत चपखल बसले. सागरी मासेमारी तेथे पाहुणी राहिली.

किनाऱ्यावरील संघर्ष आणि ‘व्यवस्थापन’ या शब्दाचा प्रवेश

मासेमारीच्या व्यवस्थापनाचे आधुनिक शास्त्र उत्तर अटलांटिक व पॅसिफिक महासागरांच्या मासेमारीतून घडले. १९५४ मध्ये शेफर यांनी कमाल शाश्वत उत्पादनाचे गणित मांडले. त्याच वर्षी गॉर्डन यांनी मुक्त प्रवेश असलेल्या मासेमारीत नफा शून्यावर येईपर्यंत नौका कशा वाढत जातात हे अर्थशास्त्राच्या भाषेत दाखविले. १९५७ मध्ये बेव्हर्टन आणि होल्ट यांचा मत्स्यसंख्येच्या गतिशास्त्रावरील ग्रंथ आला. त्यातील विवेचन प्रामुख्याने उत्तर समुद्रातील प्लेस आणि हॅडॉक या माशांवर आधारलेले होते. एक जात, एक प्रकारचे जाळे, नोंदी ठेवलेली बंदरे, अशी त्याची पार्श्वभूमी होती.

मुंबईच्या किनाऱ्यावरील डोल जाळ्यात भरतीओहोटीच्या प्रवाहाबरोबर एकाच वेळी बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, वाकटी येतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला एस. व्ही. बापट यांचा बोंबलावरील प्रबंध या भागातील शास्त्रीय अभ्यासाचा चांगला नमुना आहे. त्या एका जातीविषयी ज्ञान जमले तरी जाळे एका जातीचे नाही, ही अडचण उरतेच. शिवाय ही मासेमारी नियमांवाचून चाललेली नव्हती. डोल कोठे लावावी, उधाणाच्या दिवसांत किती फेऱ्या कराव्यात, भांगाच्या दिवसांत काय करावे, नारळी पौर्णिमेपूर्वी होडी लोटावी की नाही, हे गाव ठरवीत असे. डोलीसाठी समुद्रात रोवलेल्या कवींच्या जागांवरून वसई-उत्तनकडील आणि सातपाटी-डहाणूकडील मच्छीमारांत दीर्घकाळ वाद चालत आला. हा वाद भांडण म्हणून पाहिला तर तो कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न ठरतो. समुद्रातील हक्कांचे व्यवस्थापन म्हणून पाहिला तर तो पदव्युत्तर वर्गातील उत्तम पाठ होऊ शकतो.

हा पाठ अखेर वर्गाबाहेर शिकविला गेला. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ मासेमारी करू लागले तेव्हा सत्तरच्या दशकात गोव्यातील रापणकारांनी त्याविरुद्ध संघटित लढा उभारला. रापण ही किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाची. तिचे कार्यक्षेत्रच किनाऱ्यालगतचे. ट्रॉलर त्या पट्ट्यात आला की रापणकराला दूर जाण्याची सोय नसते. मातान्ही साल्ढाणा यांनी या आंदोलनाचे नेतृत्व केले आणि १९७८ मध्ये विविध राज्यांतील पारंपरिक मच्छीमारांचे राष्ट्रीय व्यासपीठ उभे राहण्यात त्यांचा पुढाकार होता. तमिळनाडू आणि केरळातही असाच असंतोष होता. केंद्र शासनाने १९७६ मध्ये नेमलेल्या मजुमदार समितीने निरनिराळ्या नौकांसाठी क्षेत्रे आखून देण्याचा प्रश्न हाताळला आणि १९७९ मध्ये राज्यांकडे एक नमुना विधेयक पाठविण्यात आले. गोवा व केरळ यांनी १९८० मध्ये, महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला.

महाराष्ट्राचा हा अधिनियम आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय एकाच वर्षीचे आहेत. हा योगायोग असला तरी बोलका आहे. कायद्याला अंमलबजावणी अधिकारी हवे होते. त्यांना आसाचे आकारमान, क्षेत्रमर्यादा, परवाने, प्रजननकाळ यांचे ज्ञान हवे होते. १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमानुसार भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत गेले होते. १९७९ मध्ये मुंबईची संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे सोपविण्यात आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तेथे मुंबई विद्यापीठाशी संलग्न असा मत्स्यव्यवस्थापनातील पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. जुन्या पदविकेची जागा पदवीने घेतली, आणि तिच्या नावात ‘व्यवस्थापन’ हा शब्द आला.

आंदोलनामुळेच पदवी आली असे म्हणण्याइतका पुरावा केवळ कालक्रमात नाही. विद्यापीठीय दर्जाची इच्छा आणि परिषदेचे शैक्षणिक धोरण ही कारणेही तितकीच खरी असावीत. तथापि या क्षेत्रातील महत्त्वाचे विचारमंथन त्या काळात कोठे होत होते हे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. केरळात मोठ्या भांडवलाच्या प्रवेशाचा मासेमारीवरील परिणाम १९७८ मध्ये मांडणारे जॉन कुरियन हे तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रातील अर्थशास्त्रीय अभ्यासक होते. १९८८ मध्ये केरळात पावसाळी ट्रॉलबंदी लागू झाली त्या सुमाराच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष प्रा. एन. बालकृष्णन नायर हे केरळ विद्यापीठातील जलजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रश्न मच्छीमारांनी उपस्थित केला, उत्तरे अर्थशास्त्रज्ञ आणि पारंपरिक विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ यांनी शोधली. मत्स्यविज्ञानाची व्यावसायिक पदवी या चर्चेत उशिरा पोहोचली.

विशेषीकरण : एका पदवीच्या अनेक पदव्या

२९ मार्च १९८९ रोजी मुंबईच्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यानंतर पदव्युत्तर व विद्यावाचस्पती स्तरावर शाखा वाढत गेल्या : मत्स्यसंवर्धन, मत्स्यसंपत्ती व्यवस्थापन, मत्स्यपोषण, आनुवंशिकी, जलचरांचे आरोग्य, जैवतंत्रज्ञान, काढणीपश्चात तंत्रज्ञान, मत्स्यअर्थशास्त्र, विस्तार. १९८० च्या सुमारास कोची येथील सागरी मत्स्यसंशोधन संस्थेत सागरी मत्स्यशेतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला होताच. हरियाणातील रोहतक येथे खाऱ्या भूजलावर मत्स्यसंवर्धनाचे केंद्र उभे राहिले. समुद्रापासून इतक्या दूर कोळंबी वाढविण्याची शक्यता निर्माण होणे हे या विशेषीकरणाचे फळ होय आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

विशेषीकरणास आकडेवारीचे पाठबळ होते. १९५०-५१ मध्ये देशाचे मत्स्योत्पादन ७.५२ लाख टन होते; त्यापैकी ५.३४ लाख टन सागरी. २०००-०१ मध्ये एकूण उत्पादन ५६ लाख टनांवर गेले आणि सागरी व अंतर्देशीय वाटा जवळपास समान झाला. २०२२-२३ मध्ये एकूण १७५ लाख टनांपैकी सुमारे १३१ लाख टन अंतर्देशीय होते. जेथे वाढ तेथे रोजगार, जेथे रोजगार तेथे विद्यार्थी. आंध्र प्रदेशातील तलावांवर, हॅचरीत, खाद्य कारखान्यात पदवीधरास काम मिळते. समुद्रातील मासेमारीवर मर्यादा घालण्याचे काम करणारा मालक बाजारात नाही. ते काम शासनाचे आहे आणि शासनाची पदे मोजकी आहेत.

मत्स्यसंवर्धनही व्यवस्थापनाच्या प्रश्नापासून मुक्त राहिले नाही. किनारी कोळंबीशेतीविषयीच्या एस. जगन्नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निर्णयाने जमीन क्षारयुक्त होणे, पिण्याच्या पाण्याचे प्रदूषण, किनारी लोकांची हक्कवंचना हे मुद्दे अग्रस्थानी आणले. २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला. येथेही क्रम तोच आहे : उत्पादनाचे शिक्षण आधी, संघर्ष नंतर, कायदा त्यानंतर आणि अभ्यासक्रमातील प्रकरण सर्वांत शेवटी.

जुन्या पदविकेत एकाच विद्यार्थ्याने शिकावयाचे विषय आता वेगवेगळ्या विभागांत गेले. मत्स्यसंपत्ती व्यवस्थापनाचा विद्यार्थी वाढीचे गुणांक आणि मृत्युदर काढण्यात निष्णात होतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी नौकेचा खर्च व नफा मांडतो. विस्ताराचा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन कोळीवाड्यात जातो. तिघांचे निष्कर्ष एकत्र आल्याशिवाय बंदीचा कालावधी वा परवान्यांची संख्या ठरविता येत नाही. ते एकत्र आणण्याचे काम पूर्वी पदविकाधारक अधिकारी, कसेबसे का होईना, एकटा करीत असे.

महाराष्ट्रातील स्थिती : दोन विद्यापीठे, दोन मंत्रालये

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९९८ च्या अधिनियमानुसार नागपूर येथे २००० मध्ये महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. ‘मत्स्यविज्ञान’ हा शब्द नागपूरच्या विद्यापीठाच्या नावात आला आणि राज्याचे सर्वांत जुने मत्स्य महाविद्यालय समुद्रकिनारी, दापोलीच्या विद्यापीठाकडे राहिले. पुढे नागपूर व उदगीर येथे मत्स्य महाविद्यालये निघाली. विदर्भातील मालगुजारी तलाव आणि मराठवाड्यातील जलाशय पाहता तेथे अशा महाविद्यालयांची गरज नाकारण्याजोगी नाही. परंतु रत्नागिरीचे महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाच्या छत्राखाली असावे यावर झालेल्या वादात विद्यार्थ्यांच्या पदवीची चिंता पणास लागली आणि अभ्यासक्रमाची चर्चा मागे पडली. केरळने २०१० मध्ये आणि तमिळनाडूने २०१२ मध्ये स्वतंत्र मत्स्य विद्यापीठाचा मार्ग स्वीकारला. ७२० किलोमीटरचा किनारा असलेल्या महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

केंद्रातही २०१९ मध्ये मत्स्यव्यवसायासाठी स्वतंत्र विभाग आणि पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायासह नवे मंत्रालय निर्माण झाले. मात्र मत्स्यविज्ञानाचे उच्च शिक्षण व संशोधन कृषी मंत्रालयाखालील अनुसंधान परिषदेकडेच राहिले. व्यवसाय एका मंत्रालयाकडे आणि त्याची पदवी दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती आहे.

प्राणिशास्त्र विभागांचा प्रश्नही येथे येतो. एम. एफ. एस्सी.साठी बी. एफ. एस्सी. ही मुख्य पात्रता ठरत गेल्याने पारंपरिक महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या पदवीधरास या मार्गावर येणे अवघड झाले. व्यावसायिक पदवीचे संरक्षण व्हावे ही मत्स्य पदवीधरांची मागणी न्याय्य आहे. चार वर्षे याच विषयाला दिलेल्या विद्यार्थ्यास पदभरतीत प्राधान्य मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु किनाऱ्यावरील तालुक्यांत मत्स्य महाविद्यालये नाहीत, कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालये आहेत. पालघर, अलिबाग, मुरूड, मालवण परिसरातील मच्छीमारांच्या मुली आणि मुले विज्ञान शाखेत येतात ती बहुधा याच महाविद्यालयांत. त्यांच्यासाठी पदव्युत्तर व्यवस्थापन अभ्यासक्रमाचे दार एखाद्या सेतू अभ्यासक्रमाद्वारे उघडे ठेवले असते तर १९६१-६३ मध्ये न उभारलेली शिडी निदान अंशतः उभी राहिली असती.

भाषेचा मुद्दा याला जोडून आहे. प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात, ते स्वाभाविक आहे. पण उधाण, भांग, कव, रापण, डोल या शब्दांमागे जे काटेकोर निरीक्षण आहे त्याची नोंद प्रबंधाच्या परिशिष्टात स्थानिक नावांची यादी म्हणून होते. त्या शब्दांत समुद्राच्या वेळापत्रकाचे ज्ञान आहे आणि कोणी कोठे केव्हा मासे धरावेत याचे नियमही आहेत.

अलीकडील दोन निर्णय या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर कालावधीचे व परवान्यांचे निर्बंध घातले. २०२३ मध्ये, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवरून, ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर आकारमान निश्चित करण्यात आले. दुसऱ्या निर्णयामागील शास्त्र आजच्या पदवीधरास उत्तम अवगत असते, कारण मासा प्रथम कोणत्या लांबीला प्रजननक्षम होतो हे काढणे प्रबंधाचा नेहमीचा विषय आहे. पहिला निर्णय निराळा आहे. त्यात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यात मासळीची विभागणी कशी व्हावी हा प्रश्न आहे, आणि दोन्ही बाजूंस एकाच बंदरातील, पुष्कळदा एकाच गावातील माणसे आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर हा संघर्ष वर्षानुवर्षे दिसत आला आहे. शिरगावच्या वर्गापासून ते बंदर काही किलोमीटरच दूर आहे.